एका वर्षाचं गाऱ्हाणं

जूनऐवजी एप्रिलमध्येच शाळेच्या नव्या वर्षाची घंटा वाजते, हे माझ्या कानांना अजून पटत नाही. नवं धोरण, नवा अभ्यासक्रम, नवं वेळापत्रक. वरून हुकूम आला आणि खाली घंटा वाजली. इकडे पेडण्याचा सडा, तो उघडा कातळाचा माळ, तव्यासारखा तापलाय, उतारावर काजूची बोंडं पिकून पडलीयत, दारू गाळायच्या भाट्या पेटल्यायत, सगळ्या गावाच्या नाकात तो आंबूस-गोड वास भरलाय, आणि त्या वासातून पोरं बूट-मोजे घालून चढण चढतायत. डोक्यावरून मोप्याला उतरणारं विमान घरघरत जातं. पोरं वर बघतसुद्धा नाहीत. दप्तरानं त्यांची मान आधीच वाकलेली असते.

"जळलो मेलो तुमचो अभ्यासक्रम," मी जनेलाच्या गजांतून बाहेर बघत म्हणते. ऐकायला घरात कुणी नाही. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मी भिंतींशी भांडायला शिकले आहे, आणि भिंती उलटून बोलत नाहीत हे एक सुख आहे.

खरं सांगायचं तर हा वास मला सोसत नाही. या दिवसांत लोकांना हुर्राक आठवतो, काजूची ती पहिल्या धारेची दारू, लिंबू पिळून, बर्फ घालून. मला माझं दहावीचं वर्ष आठवतं. जानेवारीतल्या काजूच्या मोहोरापासून मे महिन्यातल्या शेवटच्या बोंडापर्यंतचा एकच मोसम. एवढ्याशा मोसमात एका मुलीचं आयुष्य कसं हातातून निसटलं ते मी पाहिलं, आणि त्यानंतर कुठलाही अभ्यासक्रम बदलला की माझी ही भांडणं सुरू होतात. ती का, हे कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतात, बाई जुन्या विचारांची.

परवा सिया आली. आमच्या शेजारची, नववीतली, यंदा शाळेची लीडर झालेली. छातीवर बिल्ला, हातात मोबाइल.

"काकी, सरांनी धाडलां माका. तुमका गाऱ्हाणा घालूक येता खंय?"

"कित्याक गो?"

"शाळेत आठवणींचो कार्यक्रम आसा. आदल्या विद्यार्थ्यांचो. सर म्हणतत, कायतरी पारंपरिक जाय. पाच मिण्टांचा."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पोर दोन पावलं मागे सरली.

गाऱ्हाणं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या या पट्ट्यात, पेडण्यापासून नदीपलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत, देवाकडे एकट्यानं मागत नाहीत. एक जाणता पुढे होतो आणि सगळ्यांच्या वतीनं देवाला सांगतो, की बाबा रे, हे असं असं दुखतंय, एवढं बरं कर. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागचा सगळा जमाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" ते 'व्हय' आलं नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. मागणारा नुसता बडबडला, एवढंच उरतं.

"ह्याच शाळेत गाऱ्हाणा घातल्यान म्हणान एका लीडराचो बिल्लो काढून घेतलो हुतो," मी सियाला म्हटलं.

"खरांच? कोणाचो?"

"जानकीचो," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी ते नाव तोंडातून मोठ्यानं निघालं आणि मलाच कसंतरी झालं.

जानकी परब. तिचा बाप बाबली तेरेखोलच्या नदीपलीकडचा. दरवर्षी काजूच्या दिवसांत आमच्या गावच्या भाटीवर कामाला यायचा, मग एका वर्षी बायकापोरांना घेऊन आला तो राहिलाच. जानकीला शाळेत उशिरा घातलेलं, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठी, डोक्यानं उंच आणि आवाजानं तर विचारूच नका. लीडर निवडायच्या दिवशी तिच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयार होईना. प्रार्थनेच्या वेळी ती नुसती वळून बघायची आणि रांगा सरळ व्हायच्या. मास्तरांच्या छडीला जे जमत नसे ते तिच्या भुवईला जमे. मी कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, भित्री भागूबाई. तिच्या सावलीत उभं राहिलं की मलाही थोडं उंच झाल्यासारखं वाटायचं.

तिला मास्तरीण व्हायचं होतं. बापानं तिच्याशी करार केला होता, आणि तो आम्हा सगळ्या मैत्रिणींसमोर बोलून दाखवला होता. "धावी पास झालंस तर मास्तरणीच्या कोर्साक घालतंय. नापास झालंस तर सोयरिक. आनी तीन चेडवां आसत माका." चेडवां म्हणजे मुली, जानकीच्या पाठच्या. बाबली दुष्ट नव्हता. त्यानं एक वाट उघडी ठेवली होती, त्याच्या वाड्यावरच्या दुसऱ्या कुठल्या बापानं तेवढीही ठेवली नसती.

आणि नेमका त्याच वाटेत अभ्यासक्रम आडवा आला.

आठवीपर्यंत आम्ही सगळं मराठीत शिकलो. नववीत गेलो आणि गणित-शास्त्र इंग्रजीत झालं. कुणी लादलं म्हणावं तर तसंही नाही. गावानंच सभा घेऊन मागितलं होतं. म्हापशाची पोरं पुढे जातात, आमची मागे राहतात, इंग्रजी पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबलीनंही वाजवल्या, मी त्याच्या शेजारीच उभी होते. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही की बदल होतो तेव्हा काही पोरं अर्ध्या पुलावर असतात. आम्ही तशी होतो. मागचा भाग काढून नेला होता आणि पुढचा अजून बांधायचा होता. आजही कुठला साहेब 'आमूलाग्र बदल' म्हणाला की मला विचारावंसं वाटतं, बाबा, पुलावर कोण आहे ते बघितलंस का?

गणिताचे मास्तर स्वतः मराठीत शिकलेले. बिचारे रात्र-रात्र पाठ करून यायचे आणि वर्गात घामाघूम व्हायचे. लसावि गेला, घनफळ गेलं, काटकोन गेला. काटकोनाच्या जागी आला 'राइट अँगल', आणि दोन्ही एकच, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. राइट म्हणजे काय ते आम्हाला पहिलीपासून ठाऊक होतं: लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट, कवायतीत. राइट म्हणजे उजवा. मास्तर डावखुरे, फळ्यावर त्रिकोण काढताना उभी रेघ आधी ओढायचे आणि ती नेहमी उजव्या बाजूला. म्हणजे सगळं जुळलंच! राइट अँगल म्हणजे उजव्या हाताचा कोन. अख्ख्या वर्गाची हीच समजूत, आणि कुणाला शंका आली नाही, कारण फळा रोज आमच्या बाजूनं साक्ष देत होता.

"मगे डावो कोन कधी शिकवतले?" एकदा जानकीनं मला विचारलं होतं.

"अकरावीत आसतलो," मी म्हटलं. आम्हाला ते पटलंसुद्धा.

हे सांगताना मी हसते. दरवेळी हसते, पुढचं सांगायला लागेपर्यंत.

त्या जानेवारीत हुतात्मा दिन होता. काजू मोहोरली होती, सकाळच्या थंडीनं पोरांचे हातपाय अजून फुटत होते. दरवर्षी लीडरनं मराठीत भाषण करायचं आणि मग दोन मिनिटं मौन पाळायचं, अशी रीत. त्या वर्षी मोठ्या सरांनी सांगितलं, भाषणही इंग्रजीत. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, शहरातून आलेले, कडक इस्त्रीचे. जानकीनं ते पानभर भाषण पाठ केलं. भाटीमागे उभं राहून करवंदीच्या जाळीसमोर म्हणायची, मी पानावर बोट ठेवून तपासायची. एक शब्द चुकायचा नाही.

त्या दिवशी ती पायरीवर उभी राहिली. पहिली दोन वाक्यं खणखणीत आली. तिसऱ्या वाक्यावर ती थांबली. पुढे शब्दच नाही. मौनाची दोन मिनिटं अजून व्हायची होती, पण मैदानावर मौन आधीच पसरलं. मी ओठ हलवून तिला पुढचा शब्द दाखवत होते. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती आमच्या डोक्यांवरून कुठेतरी लांब बघत होती, आणि तिची मान लाल होत चालली होती. मला वाटलं, ही आता रडणार. आणि मग तिनं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! बारा वेशीच्या, बारा वाटेच्या म्हाराजा! आज ही लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली हत..."

आमच्यापैकी कुणी ठरवलं नाही. ते आत कुठेतरी जन्मापासून बसलेलं असतं. सगळ्या शाळेच्या तोंडून एकदम निघालं, "व्हय म्हाराजा!"

"ज्येनी ह्या मातयेसाठी जीव दिल्यानी, तेंची नावां आमच्या तोंडात रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जा पुस्तक आमच्या हातात दिल्यानी हा, ता आमच्या डोक्यात उतरांदे रे म्हाराजा!"

त्या वेळचं 'व्हय' मला अजून ऐकू येतं. कौलांवरची कबुतरं उडाली. शेवटच्या रांगेतली पाचवीची पोरं तर बेंबीच्या देठापासून ओरडली. मागे उभे असलेले गणिताचे मास्तर, त्यांचेही ओठ हललेले मी पाहिले.

मोठे सर खाली आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर तिच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला. "ही शाळा आहे, देवळाचं आवार नव्हे," एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. तेही वाईट नव्हते. आमचं भलंच व्हावं अशी त्यांची इच्छा होती, आणि भलं म्हणजे काय हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. पण मला आता वाटतं, ते त्या 'व्हय'ला घाबरले. एवढी पोरं एका आवाजात काय मागतायत ते त्यांना नीट ऐकू आलं होतं.

बिल्ला गेला त्याचं जानकीनं मनाला लावून घेतलं नाही, निदान दाखवलं नाही. "बिल्लो गेलो तर गेलो. धावीचा सर्टिफिकीट मेळाला काय झाला," म्हणाली. आणि हट्टानं अभ्यासाला लागली. सकाळी बोंडं वेचायची, बिया पिरगळून वेगळ्या करायच्या, आणि त्या चिकट बोटांनी पुस्तक उघडायचं. तिच्या भूमितीच्या पुस्तकाला काजूच्या चिकाचे काळे डाग होते. ते जन्मात जात नाहीत.

परीक्षा आली. गणिताच्या पेपरात काटकोन त्रिकोणाची आकृती छापलेली होती आणि काटकोन होता डाव्या हाताला.

मी ती आकृती पाहून गर्भगळीत झाले. मला वाटलं, हे आपल्याला शिकवलेलंच नाही. मी तो प्रश्न सोडला आणि पर्यायातला दुसरा घेतला. जानकी कसली सोडते! ती लीडर होती. बिल्ला काढून घेतला तरी पाठीचा कणा काढून घेता येत नाही. तिनं उत्तरपत्रिकेत इंग्रजीत लिहिलं की आकृती चुकीची छापली आहे, मग आपली बरोबर आकृती काढली, काटकोन दुसऱ्या, उजवीकडच्या शिरोबिंदूत घेऊन, आणि त्या उलट्या आकृतीवर पुढचं सगळं गणित शेवटच्या ओळीपर्यंत सोडवलं.

"पेपर काडणाऱ्यान चूक केल्यान," बाहेर येऊन ती मास्तरांना म्हणाली. "मी लिवन दिलंय, आकृती चुकीची हा म्हणान."

आम्हा सगळ्यांना तिचा अभिमान वाटला. खरंच वाटला. मास्तरांनी तिच्या हातातला पेपर घेतला, आकृती पाहिली, आणि कितीतरी वेळ पाहतच राहिले. मग म्हणाले, "जा गे बाय, घरा जा." ते तिथेच पायरीवर बसले आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. आम्हाला कळलं नाही. भित्र्यांना पास करायचं आणि धीटांना नापास करायचं, ही परीक्षेची जुनी खोड आहे. आणि वर तिला गुणवत्ता म्हणायचं.

मे महिन्याच्या शेवटी निकाल लागला. मी पास झाले. जानकी गणितात गेली.

दोन दिवसांनी तिला शोधत भाटीवर गेले तर ती कोळंबीत उतरलेली. कोळंबी म्हणजे दगडात कोरलेला उथळ हौद. त्यात बोंडं टाकून पायांनी मळतात आणि रस खाली मडक्यात उतरतो. बायका सहसा कोळंबीत उतरत नाहीत. ती परकर खोचून उभी होती आणि एकसारखी बोंडं तुडवत होती. आदल्या दिवशीच बाबलीनं नदीपलीकडे बोलणं पक्कं केलं होतं.

"येव नको कुंदा, पाय चिकाटतीत," ती म्हणाली.

"ऑक्टोबरात परत बस. एकच विषय गेलो मगे."

"पावसाच्या आदी लगीन हा."

"बाबलीमामाक मी सांगून बघू?"

"मी सांगलंय नाय काय? पाय धरलंय. एक वर्स दी म्हटलंय. तो रडलो, पण व्हय म्हणाक नाय."

मग ती थांबली. रसानं भिजलेले हात तिनं जोडले, थट्टेनं जोडल्यासारखे, आणि झाडांच्या शेंड्यांकडे बघून म्हणाली, "बा देवा म्हाराजा! ह्या जानकीक आणखी एक वर्स शाळेच्या बाकार बसांदे रे म्हाराजा!"

आणि माझ्याकडे बघत राहिली. "अगो, म्हण मगे."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

माझा आवाज कोळंबीच्या पलीकडेसुद्धा गेला नसेल. तिनं क्षणभर कान दिला, जसा आणखी कुणी म्हणणारच होता. कोण म्हणणार? बाप भाटीत लाकडं सारत होता, गाव टाळ्या वाजवून घरी गेला होता. ती हसली, "एकट्याच्या व्हयान काय होता गो," म्हणाली, आणि पुन्हा तुडवायला लागली. मला तेव्हा जग जाळावंसं वाटलं होतं, आणि मी घरी जाऊन पास झाल्याचे पेढे खाल्ले.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली. पेडण्याच्या पुनवेला, जत्रेच्या गर्दीत, हाताला मुलगी. वाळली होती, आवाज मात्र तोच. ना खुशाली, ना काही. माझा दंड धरून पहिलं वाक्य हेच बोलली:

"कुंदा, राइट अँगल म्हणजे काटकोनच गो! खंयपण असता. डावीकडे, वर, उलटो, कसोपण. चेडवाच्या पुस्तकात बघलंय. मराठीत लिवलला हा, नव्वद अंशाचो कोन म्हणान." मग खालच्या आवाजात म्हणाली, "इतक्याच होता."

खाजं विकणाऱ्याच्या आरोळ्या, ढोल, गर्दीचा लोट, आणि मध्ये आम्ही दोघी काटकोनावर बोलत उभ्या. लेकीनं ओढलं तशी ती गेली. दोन पावसाळ्यांमागे वारली, असं पलीकडून आलेल्या एका काजूवाल्याकडून कळलं. कशानं, ते त्याला सांगता आलं नाही.

हे सगळं मी सियाला सांगितलं. ती नखानं बिल्ल्याची कड खरवडत ऐकत होती.

"तुमचो नवो अभ्यासक्रम कसो आसा?" मी विचारलं.

"पुस्तकां अजून येवक नाय, काकी. मोबायलार आसत. थोडां समजता, थोडां नाय." मग घाईघाईनं म्हणाली, "पण सर म्हणतत, जातलां सगळा सारकां."

मी तिला गाऱ्हाणं शिकवलं. पावसापाण्याचं, पोराबाळांचं, गेलेल्यांच्या नावांचं. शेवटी म्हटलं, एक ओळ माझ्याकडून घाल. ती ओळ ऐकून सिया म्हणाली, "सरांक दाखोवक जाय." दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आली. सर म्हणाले, कार्यक्रम आनंदाचा आहे, ही ओळ नको. ज्या गाऱ्हाण्यासाठी बिल्ला काढला तेच आता हौसेनं सादर करायचं, फक्त त्यात काही मागायचं नाही.

कार्यक्रमाला मी गेले. मांडव, खुर्च्या, पाहुण्यांना काजूची रोपं. पोरं हाताची घडी घालून ओळीनं बसलेली. सिया नऊवारी नेसून माइकसमोर आली. "बा देवा म्हाराजा!" म्हणाली आणि मी मागून येणाऱ्या आवाजासाठी श्वास रोखला.

"व्हय म्हाराजा!" आला. पण पोरांची तोंडं मिटलेली होती. आवाज कर्ण्यातून आला, जाड, पुरुषी, एकसारखा. पोरं गोंधळ घालतात म्हणून सरांनी मोबाइलवर आधीच भरून ठेवलेला. सिया बोलायची, एक शिक्षक बोट दाबायचा, कर्णा 'व्हय' म्हणायचा. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, उठून चालतं व्हावं.

गाऱ्हाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या, शिक्षकानं मोबाइल खिशात टाकला. सिया मात्र माइकसमोरून हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि टाळ्या विरायच्या आत, हात जोडून म्हणाली, "आणि जा कोण चेडू एक वर्स मागता, तेका ता वर्स मेळांदे रे म्हाराजा!"

कर्णा गप्प. पोरांच्या हाताच्या घड्या तशाच. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्या एवढ्या मोठ्या मांडवात ती पोर हात जोडून उभी राहिली, कान देऊन, अगदी तशीच.

मी उठले. गुडघे धरून, खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन उठले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमातलंच असेल.